विचारपूस

४ मार्च
खोली छान मिळाली. तिसरा मजला, पूर्वेची खिडकी, भिंतीला ओल नाही. नोकरी ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची. त्याच्या कोडमध्ये इतरांनी केलेले बदल मी तपासून मंजूर करायचे. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, कर्नल? अगं, लष्करात गेलीस की काय? खूप दिवसांनी मोठ्याने हसले. मग सांगितलं, रोज फोन करत बसू नकोस, काही असलं तर मीच करीन. ती बरं म्हणाली. तिचं ते ‘बरं’ जरा आखूड होतं.

६ मार्च
विभागप्रमुखांना सगळे मास्तर म्हणतात. लष्कराचा किस्सा माझ्या तोंडून निसटला आणि मी कर्नलबाई झाले. इथला एक नियम मला आवडला: जो बदल मंजूर करतो, त्याच्याच मशीनवर तो आधी चालतो. मास्तरांच्या मते, रांधणाऱ्याने आधी चव घ्यावी, मग वाढावं.
शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मौनीबाबा म्हणतात. कानात सदैव हेडफोन. माझी खुर्ची करकरते म्हणून त्याने काही न बोलता तेलाची बाटली माझ्याकडे सरकवली. मीही काही बोलले नाही. असा शेजार मला परवडतो.

११ मार्च
पहिला बदल, तीन ओळींचा. एखादी प्रोसेस, म्हणजे मशीनवर चालणारा प्रोग्राम, संपली, की ज्या प्रोसेसने तिला सुरू केलं तिने येऊन तिची विचारपूस करायची असते. तोवर संपलेलीचं नाव यादीत पडून राहतं. बदल एवढाच: कोणी विचारायला आलंच नाही, तर थोडं थांबून नाव पुसून टाकायचं. पाठवणाऱ्याचा रकाना कोरा होता. कोणाचं तरी नवं खातं असेल. मांडणी नेटकी होती. मंजूर केला. माझ्या मशीनवर चालू आहे.

१८ मार्च
मौनीबाबाचं टेबल रिकामं. वायरसुद्धा नाही. मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, ते टेबल कायमच रिकामं आहे, पाय पसरायचे असतील तर घ्या तुम्हीच. मागून कोणीतरी विचारलं, कर्नलबाईंनी नवा बाबा कुठून काढला? सगळे हसले.
तेलाची बाटली माझ्या खणात आहे.
त्याचं खरं नाव मी कधी विचारलं नव्हतं. कोणीच विचारलं नसावं.

१९ मार्च
त्या तीन ओळी पुन्हा वाचल्या. प्रोसेस संपली आहे की नाही, हे त्या तपासतच नाहीत. संपलेल्यांचीच गोष्ट आहे, हे मी गृहीत धरलं होतं. कोड एवढंच बघतो, की कोणी विचारतंय का. चालू असलेलीसुद्धा—
बदल मागे घेण्याची विनंती टाकली. तिला दुसऱ्या कोणाची तरी मंजुरी लागते. माझी मला चालत नाही.

२१ मार्च
मास्तर म्हणतात, अशी विनंती आलेलीच नाही. हे मला नाही, माझ्या पलीकडे बघत म्हणाले. मशीन बंद केलं, प्लग उपटला. पडद्यावरचा उजेड गेला नाही.
जेवताना बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना माणसं होती. एकमेकांशी बोलत होती, माझ्या आरपार. आज दिवसभरात मला कोणी काही विचारलं नाही. काल? कालही नाही.

२२ मार्च
ऑफिसच्या दाराला माझं कार्ड लागेना. मास्तर दारापर्यंत आले, फार अदबीने बोलले. मुलाखतीला आलात का? जागा कधीची रिकामी आहे, बरं झालं आलात. मी माझं टेबल दाखवलं. त्यावर वायरसुद्धा नाही.
घरी आले तर घरमालकीणबाई कोणाला तरी माझी खोली दाखवत होत्या. पूर्वेची खिडकी, ओल अजिबात नाही.

जिन्यात
आईला फोन केला. तिने विचारलं, आपण कोण बोलताय?
आपण. मला.
मी नाव सांगितलं. ती म्हणाली, किती गोड नाव, मला मुलगी झाली असती तर हेच ठेवणार होते. मी म्हटलं, एकदाच विचारा, कशी आहेस म्हणून. बाकी काही नको. ती हळूच म्हणाली, चुकीचा नंबर लागला असेल, आणि—
रोज फोन करू नकोस, हे मीच—

बॅग नाही. वही आहे, पेन आहे. बाटली आहे. त्याच्याशी एक शब्द बोलले असते तर—
जिन्यातून लोक जातात. कोणी वळसा घालत नाही.

फोन वाजतोय. आईचा नंबर. आई स्वतःहून—
बोट लावते आहे. पडद्याला बोट कळत नाही. पुन्हा. पुसून पुन्हा—
वाजतोय अजून. ठेवू नकोस. आई, मी इथेच आहे, ठेवू न