स्वयंपाकघरातल्या नळाचे गण

वसई रोड,
९ मार्च १९९६

चि. ऋतिकेस,
अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण, आपला स्वयंपाकघरातला नळ. सुट्टीत आलीस तेव्हा तो गळतोय हे पाहून तुला कोण आनंद झाला! माझ्या संशोधनाचाच विषय आहे, त्याला कुणी हात लावू नका, असा वटहुकूम काढून तू पुण्याला निघून गेलीस. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात गळका नळ जपणारा गृहस्थ मी एकटाच. मी देवळातल्या चपला चोरल्यासारखी सोसायटी माझ्याकडे बघते. समोरचा प्लासिड, वालीवच्या कारखान्यात फिटर आहे तो, वायसर आणि पाना घेऊन दोनदा दारात आला. मास्तर, पाच मिन्टांचं काम, म्हणाला. नळ शास्त्राच्या कामी आहे, असं मी सांगितलं. मग शास्त्राखाली बादली तरी लावा, म्हणून गेला.

ऋत म्हणजे विश्वाची शिस्त. म्हणून हौसेने तुझं नाव ऋतिका ठेवलं, आणि तू पीएच.डी.ला विषय घेतलास ‘केऑस’, म्हणजे बेबंदशाही! हे कसलं शास्त्र म्हणून विचारावं, तर तू समीकरणं पाठवतेस. संस्कृतच्या मास्तराला कळेल असं लिही.

तुझ्या आईला हल्ली जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडतं. परवा ओट्याशीच मटकन खाली बसली. पण तुझा प्रबंध होईपर्यंत यातलं काही कळवायचं नाही अशी तिची ताकीद आहे, म्हणून कळवत नाही.

माझी माया आहे तिथेच आहे. गळतो तो नळ.
बाबा

पुणे,
१५ मार्च १९९६

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही जे कळवलं नाहीत ते नीट वाचलं. आईला आधी डॉक्टरकडे न्या. प्रबंध कुठे पळून जात नाही.

आता नळ. समीकरण एकही नाही, शपथ. शंभर वर्षांपूर्वी एका फ्रेंच गणितज्ञाला, आकाशातले तीन गोल एकमेकांना ओढत असतील तर पुढे काय होईल, या कोड्यावरच्या निबंधासाठी बक्षीस मिळालं. निबंध छापून झाला आणि त्याला स्वतःचीच चूक सापडली. ती निस्तरताना कळलं की नियम पक्के असूनही तिघांच्या वाटा भयंकर गुंततात. मग १९६१ साली एका अमेरिकन हवामानतज्ज्ञाने संगणकावर जुनाच हिशेब पुन्हा घातला, फक्त अपूर्णांकाचे शेवटचे तीन आकडे गाळले. थोड्याच वेळात त्याचं हवामान भलतीकडेच गेलं! पुढे कॅलिफोर्नियातल्या काही विद्यार्थ्यांनी चक्क गळका नळच अभ्यासाला घेतला. तेव्हा बेबंदशाही नव्हे, बाबा. नियम कुठेच मोडत नाही. सुरुवातीचा केसभर फरक पुढे डोंगराएवढा होतो, इतकंच. हल्ली काहीजण हृदयाचे ठोकेही असेच तपासतात.

नळ अगदी थोडा थोडा फिरवा आणि ऐका. तुमचा कान वृत्तांचा आहे.

आईला माझ्या वतीने रागवा, मग जवळ घ्या.
तुमची ऋतिका

वसई रोड,
२२ मार्च १९९६

चि. ऋतिकेस,
अनेक आशीर्वाद.

नळ फिरवला. आधी सगळे थेंब एका मापाचे, नुसते लघू. जरा सैल केला, तर लघू-गुरू, लघू-गुरू. आणखी जरा, तर चार-चारांचा गट जमला. मी खूश! जन्मभर पोरांकडून गण पाडून घेतले, आता नळाकडूनही घेतले. मग केसभर फिरवला आणि सगळं मोडलं. दुपारभर बसलो, गण काही पडेनात. आमच्या ज्योतिषाला हसता, आणि तुमचेच पंडित म्हणतात पुढचं सांगता येत नाही. मोठीच प्रगती!

डॉक्टरकडे चल म्हटलं की तुझी आई म्हणते, कुरडया वाळू देत. त्या वाळल्या, तर आता पापड. मी चिडलो, ओरडलो, जेवणार नाही म्हणालो. तिने ताट झाकून ठेवलं.

शेवटी काल, वृत्त शिकवतो म्हणून तिचं मनगट धरलं. ती हसत होती. बोटाखाली दोन ठोके सरळ आले, मग एक आलाच नाही, मग तीन घाईघाईने. मी सवयीने गण पाडायला लागलो. पडेनात. कळलं का वृत्त, तिने विचारलं. मंदाक्रांता, असं ठोकून दिलं.

तुझं शास्त्र म्हणतं, आत नियम असतोच. असेल. मला नियम नको आहे, ऋतिका, मला पुढचं हवं आहे. प्लासिडला बोलावून नळ दुरुस्त करून घेतला. ती टपटप मला ऐकवेना. तुझं संशोधन अडलं असेल तर अडू दे.

ती माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. लोभ आहेच, तो घेऊन लवकर ये. मला फार भीती वाटते आहे.
बाबा