दोघांना सारखंच

शाळेतून,
मंगळवार, २ जुलै

प्रिय लॉरेन्झ,

सगळे मजेत ना? इकडे उकाड्यानं जीव नकोसा झालाय. एल्डरच्या झुडपाच्या फुलांचं सरबत केलंय, सहा बाटल्या तुझ्यासाठी बाजूला ठेवल्यात. बाबांच्या कबरीवरच्या झाडांना पाणी घालून आले.

फ्रांझी आजही शाळेत आली नाही. पोट दुखतं म्हणून तुझी चिठ्ठी मिळाली. खाली लिहिलंयस, "तिला पुन्हा तिसरीत बसवायला माझी हरकत नाही. तू म्हणतेस म्हणजे पोरगी कच्चीच असणार." अरे, असा डोळे मिटून विश्वास ठेवतात का?

तुझी पोरगी कच्ची नाही. ऐक.

बावन्नातून सत्तावीस काढायचे, तर पाचातला एक दशक सुटा करायचा, असं मी शिकवते. पुस्तकातही तसंच आहे. फ्रांझी दशक सुटा करतच नाही. खालच्या दोनाशेजारी बारीकसा एक लिहिते आणि सातात किती मिळवले की बारा, असं वर मोजत जाते. बाबांची रीत. हिवाळाभर चुलीपाशी बसून, काटक्यांच्या दहादहाच्या जुड्या बांधून त्यांनी शिकवली तिला. उत्तर पंचवीसच येतं. तिन्ही चाचण्यांत मी लाल शाईनं 'रीत चूक' लिहून शून्य दिलं.

पुस्तकातलीच रीत हवी, हा नियम मी मुख्याध्यापकांना दाखवला. तुला कुठल्या तोंडानं दाखवू? ती रीत बरोबर आहे हे मला सात वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे. बाबांनी मलाही तीच शिकवली होती, आठवतं? तू टेबलाखाली लपायचास. चुकलं की बोटांवर पट्टी आणि "मठ्ठ कुठली!" आणि हिला शेजारी बसवून काटक्या, जुड्या, लाड! मला हेवा वाटला, लॉरेन्झ. नऊ वर्षांच्या पोरीचा.

ईस्टरनंतर, बाबांना जाऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, तेव्हा मी तिला फळ्यापाशी उभी केली. "हा जुनाट कचरा कुणी शिकवला गं?" वर्ग खिदळला. ती म्हणाली, "आजोबांनी. कसं ते सांगू का, बाई?" घरी आत्या, शाळेत बाई, कधी चुकत नाही बघ. मी म्हटलं, "काही नको, जागेवर बस." त्या दिवसापासून तिचं पोट दुखतंय.

काल तिची वही चाळली. शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात होतं: "वरच्याला दहा सुट्या काटक्या द्यायच्या, खालच्याला एक जुडी. दोघांना सारखंच दिलं की फरक तोच राहतो. असं आजोबा म्हणतात."

वीस वर्षं शिकवतेय, इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नाही. रिकाम्या वर्गात बसून खूप रडले.

कुणाला वरच्या वर्गात घालायचं ते ठरवायची बैठक शुक्रवारी आहे. उद्याच मुख्याध्यापकांना सगळं सांगून तिन्ही चाचण्यांचे गुण बदलते. ती चौथीत जाईल. माझं काय व्हायचं ते होवो.

तू तेवढं आज तिच्याजवळ बस आणि सांग, आत्यानं हे मुद्दाम केलं. चुकून झालं असं सांगू नकोस. गुरुवारी यावंसं वाटलं तर जुड्या घेऊन पाठव. फळ्यापाशी ती उभी राहील आणि मी तिच्या बाकावर बसेन. नाही आली, तर तिला ओरडू नकोस.

जिच्या शब्दावर तू स्वतःच्या पोरीला कच्ची म्हणालास, ती तुझी बहीण,
हेडविग