यंदाचा पंजा

मेसोपोटेमिया, १९१७

तीर्थरूप आबांच्या पायांवर सोपानचं डोकं.

पत्र तुमी एकट्यानंच वाचा. मी बरा हाय. तोफा वाजत्यात, पर लांब. गावाकडं आंबीत पिकं कशी हायती?

मोहरमात पंजा उचलायचा मान आपल्या घरचा, पर त्याचा अर्थ मला वराळ्याच्या बाबालाल मुलाण्यानं हितं पलटणीत सांगितला. पाच बोटं म्हंजी पैगंबर, फातिमा, अली, हसन आन् हुसेन. हुसेन तहानलेला मेला, ती नदी हितनं जवळच हाय.

यंदा पंजा धाकट्या महिपतीला उचलू द्या. पुढल्या सालीबी त्यालाच द्या.

अक्षर वाकडं का, असं आईनं इचारलं तर घाईत लिवलंय म्हणा. आबा, डाव्या हातानं लिवतोय. आता तेवढाच हाय.

तुमचा सोपान