ड्रॅगनचा शेवटचा डबा

२३ नोव्हेंबर, रविवार

चर्चमधली मिसा आटपून घरी आले, फोन उघडला आणि सकाळ नासली.

रोलर कोस्टरवाल्यांच्या ग्रुपवर शुक्रवारी मला घेतलं. सगळी शहरातली माणसं. नव्याने आलेल्याने ओळख द्यायची: नाव, गाव, आणि आजवर किती कोस्टरांवर बसलात तो आकडा. मी खरं तेच लिहिलं. लिना, मालवण, दोन.

पुण्याचा कोणी निनाद आहे. त्याचा आकडा दोनशे बारा. दुबई, जपान, जर्मनी, सगळं करून झालंय. त्याने लिहिलं, ‘दोन? याला छंद म्हणत नाहीत, याला यूट्यूब बघणं म्हणतात.’ खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

आणि मी काय केलं? मीपण एक हसरा चेहरा टाकला. वर ‘हो ना’ लिहिलं. हो ना! कशाला? त्याच्यापेक्षा माझाच राग जास्त येतोय.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दुकानात लक्ष नाही. गिऱ्हाइकाने होडीच्या इंजिनाला आठचा बोल्ट मागितला, मी दहाचा दिला. पप्पा म्हणाले, “लिने, डोळे खंय आसत तुझे?”

चौदा वर्षं या काउंटरवर आहे. नट, बोल्ट, ग्रीस, दोर. कोकणातून बाहेर पडले किती वेळा, तर बोटांवर मोजावं. निनादसारखं विमानाने जाऊन चार पार्क करून यायचं मला जमणार कसं?

पण पहिल्यांदा बसले तेव्हा एकोणीस वर्षांची होते, कॉलेजची सहल. बाकीच्या मुली एका फेरीत पांढऱ्या पडल्या. मी सात वेळा बसले. एक चप्पल गेली, ती शोधायलाही उतरले नाही. अगदी वर गेल्यावर डबा ओढणारी साखळी सोडते, क्षणभर काहीच होत नाही, आणि मग पोट मागे राहतं नि आपण पुढे. तो क्षण मला अजून मिळालेला नाही कशात. दुसऱ्यांदा बेंगळुरूला, मावशीच्या मुलाच्या लग्नाला गेले होते तेव्हा. लग्नाच्या साडीत.

चार वह्या भरल्यात. चाकं कशी असतात, रुळाच्या वर कुठली, बाजूला कुठली, खालून धरणारी कुठली. चढावर खटखट आवाज कशाचा येतो. सगळं काढून ठेवलंय, मापासकट. हा छंद नाही तर काय आहे? दुखणं?

२९ नोव्हेंबर, शनिवार

मैदानात मेळा येतोय. ट्रकमधून पाळण्याचे हात उतरले, मौत का कुआंच्या फळ्या उतरल्या, आणि मग हिरवे वाकवलेले रूळ! कोस्टर! मालवणात!

दुपारी दुकान पप्पांवर टाकून गेले. छोटाच आहे. चार डबे, पुढे ड्रॅगनचं तोंड, एक चढ, दोन वळणं. हसेल निनाद. हसू दे.

१ डिसेंबर, सोमवार

मेळ्याचा मालक आज दुकानात आला. कोल्हापूरकडचा, पन्नाशीचा, गोड बोलणारा. ग्रीसचा डबा घेतला, बोल्ट घेतले. मग म्हणाला, “बांधायची तार द्या थोडी. बारीक.”

“कशाला हवी?”

“चाकाच्या नटाला. पिना झिजल्यात.”

मी म्हटलं, तार नको, स्प्लिट पिन न्या. चाकाचा नट फिरून सुटू नये म्हणून आरपार जी पिन घालतात ती. डबा भरून पडल्यात आमच्याकडे. स्कूटरच्या चाकालासुद्धा कोणी तार घालत नाही. हा तर माणसं घेऊन पळणारा डबा.

तो हसला. “ताई, पंधरा वर्सं झाली या धंद्यात. तुम्ही किती वेळा बसलाय असल्या गाडीत?”

आणि माझ्या तोंडून निघालं, “दोन.”

दोन! म्हणजे आकडा सांगून गप्प बसले. तार कापून दिली. माझ्या हाताने दिली!

तो गेल्यावर पप्पांना म्हटलं, “तुमी कित्याक गप्प रवलात?” तर म्हणतात, “गिराइक आसा. मागता ता देवचा. तेका शिकवची तुका काय गरज?”

जेवले नाही रागाने.

४ डिसेंबर, गुरुवार

मेळा सुरू. संध्याकाळी शेजारची सुनीता, तिची आर्या आणि मी. आर्या नऊ वर्षांची. महिनाभर माझ्या वह्या चाळतेय, तिला सगळी चाकं तोंडपाठ.

तारेची धास्ती होती, म्हणून आधी मी एकटी बसले. मुद्दाम शेवटच्या डब्यात, झटका तिथे जास्त. खरं सांगते, पहिल्या चढावर सगळा राग विसरले. एवढासा चढ, तरी वरून बंदर दिसतं, होड्यांचे दिवे दिसतात. पोट मागे राहिलं. ओरडले मी, छत्तीस वर्षांची बाई.

मग दुसरं वळण. डाव्या अंगाला, मागे, एक ठोका. ठक. पुढच्या फेरीला पुन्हा, त्याच जागी. तिसऱ्या फेरीला ठोका नव्हता, घासल्यासारखं होतं. रुळाचा सांधा असता तर पुढच्या डब्यांनाही लागला असता. हे चाकाचं आहे.

उतरले आणि सुनीताला म्हटलं, आर्याला नको बसवू.

“तू बसलंस मगे? तुका चलता आणि माझ्या चेडवाक नाय?”

“चाक सैल आसा गो मागचा.”

“तुका काय कळता त्यातला?”

आर्या रडत घरी गेली. सुनीता माझ्याशी बोलली नाही. मालकाला सांगितलं तर म्हणाला, “आवाज येणारच ओ, लोखंड हाय.”

५ डिसेंबर, शुक्रवार

काल फेरीत फोनवर घेतलेला आवाजाचा व्हिडिओ सकाळी ग्रुपवर टाकला. लिहिलं, कुणाला अंदाज आहे का, डाव्या मागच्या चाकाचा नट सैल वाटतो. दोन तासांनी निनादचं उत्तर: ‘जत्रेतल्या असल्या गोष्टीला कोस्टर म्हणत नाहीत. आकड्यात धरू नकोस.’

मी आकडा विचारला होता का? विचारला होता?

मग मेळ्याला परवाना देतात त्या तहसील कचेरीत गेले. सायबांनी बसायलाही सांगितलं नाही.

“मेळ्याला परवाना दिलेला आहे. आपण इंजिनियर आहात का?”

“नाही. आमचं सुट्या भागांचं दुकान आहे.”

“मग आपला संबंध काय?”

मी म्हटलं, मला कोस्टरची माहिती आहे. ते शिपायाकडे बघून हसले. “अर्ज द्या. सोमवारी बघू.”

सोमवारी! उद्या शनिवार. सगळा तालुका लोटणार मैदानात.

६ डिसेंबर, शनिवार

घाईत लिहितेय, अक्षर येईल तसं येऊ दे.

पाच वाजता गेले. रांग फाटकाबाहेर. लांबून बघितलं तर आर्या शेवटच्या डब्यात बसलेली, सुनीता बाहेर उभी राहून हात हलवतेय. मी रांग मोडून आत शिरले. मांडीवरची दांडी अजून लावली नव्हती. पोरीला काखेत धरून उचलली आणि खाली ठेवली. आणि तिच्या जागी मी बसले.

सुनीता ओरडली, “येडी झालंस काय गो तू?”

मालक धावत आला. “ओ ताई, तिकीट कुठाय? उठा.”

“मागच्या चाकाचं झाकण उघडा. मग उठते.”

“लोकं थांबल्यात बघा की.”

“थांबू देत.”

“तुम्ही कोण इंजिनियर लागून गेला?”

पुन्हा तेच. या वेळी मी उत्तरच दिलं नाही. दांडी दोन्ही हातांनी धरून बसले. माणसं ओरडायला लागली. “उतर गो बाय!” “घराक जा!” एकाने समोर फोन धरला, शूटिंग. दुकानात रोज येणारा एक होडीवाला रांगेत होता. तो खाली बघत राहिला. मला वाटलं होतं एक तरी माणूस म्हणेल, बघूया तर खरं काय आहे ते. एकही नाही.

अर्धा तास तरी झाला असेल. मग तिकिटाच्या खिडकीतून मालकाची बायको म्हणाली, “अहो, उघडा की एकदा. का उगा तमाशा?”

त्यांच्या माणसाने पाना आणला. झाकण काढलं. मी वाकून बघितलं. तार तुटलेली. मी कापून दिलेली तीच तार. आणि नट दोन आटे मागे आलेला.

मालकाने पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. तोंडावरचा रंग उडाला होता त्याच्या, ते मी पाहिलं. आणि त्याने झाकण परत दाबलं आणि उभा राहून मोठ्याने म्हणाला, “काही नाही हो! ताईंचं समाधान झालं.”

मी ओरडले, “नट सुटलाय! दोन आटे सुटलाय!” त्याने गाण्याचा आवाज वाढवायची खूण केली.

शेवटचा डबा सोडवून बाजूला ढकलला, वर ताडपत्री. दहा मिनिटांत तीन डबे सुरू. बाकीची चाकं कोणी उघडली नाहीत. तारा सगळ्यांनाच असणार. माणसं बसली. टाळ्या वाजवून बसली.

सुनीता आर्याला ओढत घेऊन गेली. मागे वळून बघितलं नाही.

७ डिसेंबर, रविवार

इगर्जीत मिसेला सगळे माझ्याकडे बघत होते. व्हिडिओ गावभर फिरलाय. ‘ड्रॅगनवर बसून राहिलेली बाई.’ झाकण उघडलं तो भाग त्यात नाही. त्याआधीच संपतो. संपणारच.

पप्पांनी जेवताना विचारलं, “नट कितीसो सुटललो?”

“दोन आटे.”

“मागच्या चाकाचो?”

“होय.”

बराच वेळ मासळीचे काटे काढत राहिले. मग म्हणाले, “माका सांगूक होया होता.”

सांगितलं होतं! त्यांच्यासमोर सांगितलं होतं, काउंटरवर, सोमवारी! मी ताट उचलून आत गेले. भांडं आपटलं तेवढं.

दुपारी फोन, अनोळखी नंबर. निनाद. व्हिडिओ त्याच्यापर्यंत पोचलाय.

“खरंच सुटला होता नट?”

“हो.”

“नुसत्या आवाजावरून कळलं तुला?”

“आवाजावरून आणि वळणावरून. आणि तार मीच विकली होती.”

मग म्हणाला, “मला नसतं कळलं. मी बसतो नि उतरतो. चाकांकडे कधी बघितलेलं नाही.”

मी म्हटलं, मग हे ग्रुपवर लिही. जिथे हसलास तिथेच लिही.

म्हणाला, “बघतो.”

८ डिसेंबर, सोमवार

निनादने लिहिलेलं नाही. ग्रुपवर सिंगापूरचे फोटो टाकलेत.

कचेरीत अर्ज दिला. साहेब रजेवर. शिपायाने शिक्का मारला. मेळा उद्या उठतोय म्हणाला, आता काय उपयोग?

मैदानात गेले. तीनच डबे फिरत होते. कडेला उभी राहून प्रत्येक फेरी ऐकली. ठोका नाही. बाकीच्या चाकांच्या तारा मात्र डोक्यातून जाईनात. आणि तरी बसावंसं वाटत होतं, हेही लिहून ठेवते. लाज वाटली, पण वाटत होतं.

९ डिसेंबर, मंगळवार

मेळा उठला. ट्रक भरत होते तिथे गेले, स्प्लिट पिनांचं अख्खं पाकीट घेऊन. मालक माझ्याशी अदबीने बोलला, त्याचाच जास्त संताप आला.

“घ्या. सगळ्या चाकांना घाला.”

“घातल्यात की ओ. मागच्याला घातली.”

“दाखवा.”

“आता झाकणं बसलीत. ट्रक निघायचाय.”

पाकीट मात्र खिशात टाकलं. ट्रकवर मोजले. डबे चार. शेवटचाही वर चढवलेला, ताडपत्री काढून, धुऊन.

विचारलं, पुढे कुठे? जामसंडे, शेजारच्या तालुक्यात. शुक्रवारपासून.

परतताना सुनीता भेटली, पाण्याच्या टाकीपाशी. नजर चुकवून म्हणाली, “आर्या विचारता, मावशी येवची नाय काय?” मी म्हटलं, धाड तिला. एवढंच. माफी तिने मागितली नाही, मीही दिली नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

मालकाला चार वेळा फोन केला. उचलत नाही.

जामसंड्याला माझ्या ओळखीचं कोणी नाही. उद्या सकाळची एसटी आहे, आचऱ्यावरून. पप्पांना सांगितलं. म्हणाले, “तू आता गावोगाव फिरतलंस काय तेच्या मागसून?”

“नाय ठावक.”

“माका सांग, तुका ह्या कोणी सांगला करूक?”

कोणी नाही. तेच तर. कोणी सांगितलेलं नाही, कोणी विचारलेलं नाही, आणि उद्या तिथेही कोणीतरी खुर्चीत बसलेला असेल आणि आपण कोण म्हणून विचारेल.

संध्याकाळी काउंटरवर बसून तिथल्या कचेरीसाठी अर्ज लिहायला घेतला. आर्या समोर स्टुलावर, वहीतली चाकं रंगवत होती. ‘मी खाली सही करणार, लिना, राहणार मालवण, व्यवसाय सुट्या भागांची विक्री.’ ते खोडलं. व्यवसाय बघून परत हसतील. ‘रोलर कोस्टरची अभ्यासक.’ तेही खोडलं. आर्या म्हणाली, “मावशे, खोडतंस कित्याक? बरा लिवलंस.”

तिसरा कागद घेतला. ‘मी खाली सही करणार, लिना, राहणार मालवण, रोलर कोस्टरची अभ्यासक.’ या वेळी खोडलं नाही.