सरळ करून घेतलेले खांब

आबा, आज सकाळी कृत्रिम भूकंपाच्या चाचणीत आमच्या प्रयोगशाळेतला दुमजली लोखंडी सांगाडा माझ्या डोळ्यांदेखत खाली बसला. तुमच्या पश्चात मी या कामात आले, म्हणून सांगते. भूकंपात इमारत हलते, तेव्हा कॉम्प्युटरच्या हुकमानं जॅकचा उलटा रेटा देऊन तिला शांत करायचं, हा आमचा उद्योग. लोखंड लवून पुन्हा जागेवर येतं तोवर हे सोपं. पण लोखंड वाकलेलंच राहायला लागलं की इमारतीचा झोका संथ होतो, आणि कॉम्प्युटरला ते उमगलं नाही तर रेटा भलत्या वेळी पडतो. आज तेच झालं. सावरायला लावलेला जॅक सांगाड्याला झोक्याच्याच दिशेनं ढकलत गेला. कुंपणानंच शेत खाल्लं, आबा! मी लाल बटण दाबेपर्यंत वरचा मजला खालच्यावर टेकला होता. कुणाला लागलं नाही.

मी आठवीत होते. शहागडला गाळ्यांच्या बांधकामावर तुम्ही सळया वाकवत होतात आणि मी तुमचा डबा घेऊन आले होते. चुकीच्या जागी वाकलेली एक सळई बाजूला पडलीय. तुम्ही हात धुऊन येईपर्यंत मी तिच्यात पाइप घालून, सगळं अंग टाकून ती सरळ करते आणि शाबासकीची वाट बघत उभी राहते. तुम्ही सळईवरून अंगठा फिरवता.

“सरळ दिसून राह्यली म्हणून बराबर झाली का? एकदा वाकून आली ती. आता जल्दी दमती.”

“मंग फेकून द्यायची?”

“दोडक्याच्या वेलाला लाव. खांबात बिलकुल न्हाई.”

एवढ्या लोकांसमोर बोललात म्हणून मी दोन दिवस अबोला धरला होता. नाकाच्या शेंड्यावर राग, तुमचाच वारसा.

मागच्या महिन्यातल्या चाचणीत आमच्या सांगाड्याचे खांब वाकले होते. नवे यायला वेळ होता आणि चाचणी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना आजची तारीख दिलेली. मी एका सुट्टीच्या दिवशी कारागीर बोलावून तेच खांब सरळ करून घेतले, ओळंबा लावून पाहिला, वर रंग मारला. कॉम्प्युटरला मात्र आकडे दिले ते नव्या खांबांचे. खांब हिशेबाच्या कितीतरी आधी कायमचे वाकले.

दुपारच्या बैठकीत साहेबांनी सगळं खापर कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलीवर फोडलं. हुशार आहे, जाफराबादकडची आहे, घरात तिची एकटीचीच नोकरी. तिला उद्यापासून येऊ नका म्हणाले. ती माझ्याकडे वळली. “मॅडम, तुम्ही सांगा ना, खांब नवेच होते ना?”

मी “हो” म्हणाले, आबा.

आता हे सगळं तुम्हाला लिहितेय, कारण तुमच्याकडून ते कुठंच पोचणार नाही.