पाहुण्याचं पाणी

बाई,

काल दुकानातून येऊन बाहेर ओट्यावर टेकलो होतो. आत नात अभ्यासाला बसलेली. कान माझे अजून शाबूत आहेत. मोटरचं कोणतं बेअरिंग गेलं ते आजही अकोल्यात बसून फोनवर आवाज ऐकून सांगतो. तर आतून आलं, ‘‘वॉटर. वी ड्रिंक वॉटर.’’ मी तिथूनच ओरडलो, ‘‘कोण पितं व? कुठं पितं?’’ ती म्हणाली, ‘‘आबा, तुमी गुपचूप बसा. टीचरनं असंच सांगतलं.’’ बसलो गुपचूप. पण मन उठून सरळ तुमच्या स्वयंपाकघरात गेलं. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, तरी तिथली फोडणी अजून नाकात आहे.

तेव्हा मी अमरावतीत पंपाच्या दुकानात फिटर होतो. पंपाच्या कंपनीला अकोल्याच्या बाजूला एजन्सी द्यायची होती आणि माणूस निवडायला कोइमतूरचे साहेब येणार होते. त्यांना हिंदी येत नव्हतं, मराठीचा तर प्रश्नच नाही. मलाही उभं राहायचंय म्हटल्यावर आमचे शेठ हसले. ‘‘तू काय वऱ्हाडीत बोलशीन का बे त्याच्यासंग?’’ ते लागलं मला. कुणीतरी तुमचं नाव सांगितलं: शाळेत इंग्रजी शिकवतात, रविवारी घरी मोठ्या माणसांनाही सांगतात. वर्ग म्हणजे तुमचं स्वयंपाकघरच. तुम्ही पोळ्या लाटायच्या आणि आम्ही भिंतीला पाठ लावून वाक्यं करायची. शब्द साधेच द्यायच्या. डोअर, रोड, मदर. ‘‘वाक्यात उपयोग करा. गाइडातलं नको, तुमचं स्वतःचं.’’

आल्याबरोबर तुम्ही पाण्याचा पेला पुढे ठेवायच्या. मी म्हणायचो, ‘‘राहू द्या बाई, नको.’’ दर रविवारी तेच. बाहेरून उन्हात सायकल हाणत आलेला माणूस, घशाला कोरड पडलेली, आणि तरी नको.  तुम्ही पेला आणायच्या आणि मी निघालो की तसाच उचलायच्या.

मग तो रविवार. बाकीचे कुणी आलेले नाहीत. तुम्ही माझ्याकडे पाठ करून म्हणता, ‘‘वॉटर. करा उपयोग.’’ मी शहाण्यासारखा म्हणतो, ‘‘वी ड्रिंक वॉटर.’’ तुम्ही गॅस बंद करता. वळता. हातात लाटणं.

‘‘कोण वी? मी तर तुम्हाला पिताना पाहिलं नाही अजून. माझं इंग्रजी चालतं, पाणी चालत नाही, असे पुष्कळ येऊन गेले या घरात. तुम्हीही त्यातलेच असाल तर आत्ता सांगा आणि चला.’’ आणि मग तुमची शाळेतली भाषा सुटली. ‘‘कावून रे? बाटते का तुले आमचं पानी?’’

बाई, तुमची जात माझ्या डोक्यातसुद्धा नव्हती. पण हे तुम्हाला कसं पटावं? मी हात हलवत राहिलो. ‘‘नाई बाई, तसं नाई, आईशपथ...’’

‘‘इंग्रजीत सांग. मराठीत ‘तसं नाई’ मी लय ऐकलं.’’

एजन्सी हातची जाईल, हे तेव्हा मनातही आलं नाही. एवढंच वाटलं, की हे असंच ठेवून मी या दारातून बाहेर पडलो तर तुम्ही मला जन्मभर त्या लोकांतच धराल. मग जे येत होतं ते जुळवलं. ‘‘इन माय व्हिलेज वॉटर इज सॉल्ट.’’

‘‘सॉल्टी,’’ तुम्ही म्हणालात. आवाज तसाच कोरडा.

‘‘सॉल्टी. गुड वॉटर कम्स फ्रॉम फार. माय मदर ब्रिंग्ज. वी डोन्ट ड्रिंक. इट इज फॉर गेस्ट.’’

तेल्हाऱ्याकडचा आमचा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. आई कुठून कुठून गोडं पाणी डोक्यावर आणायची आणि ते वेगळ्या माठात, पाहुण्यासाठी. आम्ही पोरांनी त्याला हात लावला की पाठीत धपाटा. म्हणून दुसऱ्याच्या घरचा पेला दिसला की आमच्याकडचा माणूस आधी नको म्हणतो. कुणाच्या तरी मानेवरून आलाय तो, हे त्याला ठाऊक असतं. एवढं सगळं मला इंग्रजीत सांगता आलं नाही. तुम्ही मात्र पाटावर बसलात.

‘‘हे गाइडातलं नाही,’’ म्हणालात. मग पेला माझ्याकडे सरकवला. ‘‘यू आर द गेस्ट. आणि अमरावतीत नळ आहे रे बाबा. पी.’’

एका दमात प्यालो. तुम्ही दुसरा भरला.

कोइमतूरचे साहेब आले तेव्हा शेठही शेजारी बसले होते. साहेबांनी विचारलं, तुमच्या भागात आमचा पंप कसा चालतो? एजन्सी मागायला आलेल्या बाकीच्यांनी ‘व्हेरी गुड’ म्हटलं. मी म्हटलं, ‘‘सॉल्टी वॉटर ईट्स युवर पंप, सर.’’ शेठनं माझ्याकडे वाकून विचारलं, ‘‘काय म्हनला बे त्याले?’’ म्हटलं, ‘‘आमचं पानी तुमचा पंप खाते म्हनलो.’’ शेठनं कपाळाला हात लावला. साहेब मात्र खुर्ची पुढे ओढून बसले. कोणता भाग खातं, किती दिवसांत खातं, सगळं विचारत गेले आणि मी माझ्या मोडक्या वाक्यांत सांगत गेलो. एजन्सी मिळाली. तुम्हाला सांगायला आलो तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, ‘‘बघ, खरं वाक्य होतं ना.’’

अकोल्याला निघताना तुम्ही तोच पेला फडक्यात गुंडाळून दिलात. ‘‘दुकानात ठेव. येईल त्याले पाणी दे. कोण, कुठला, विचारू नको.’’ तो आजही काउंटरवर आहे, फिल्टरच्या मशीनशेजारी. पोरगा म्हणतो, कागदाचे ग्लास ठेवू. मी म्हणतो, ठेव, पण हा हलवू नको. आज सकाळी नातीला शेजारी बसवून खारपाणपट्ट्याची गोष्ट सांगितली. तिनं स्वतःचं वाक्य केलं: ‘‘माय आबा सेल्स वॉटर पंप्स बिकॉज हिज मदर वॉज टायर्ड.’’ तुम्ही तिला उठून शाबासकी दिली असती.

आणि एक राहिलं. त्यानंतर दर रविवारी आल्या आल्या पेला उचलून तुमच्यासमोर गटागटा प्यायचो, तुम्ही हसायच्या. बाई, पुष्कळदा तहान नसायची. कोपऱ्यावरच्या टपरीवर पाणी पिऊनच आलेलो असायचो.