चाळीस संगणकांवर एकच प्रत

सोमवार, ३
नव्या नोकरीचा पहिला दिवस छान गेला. कचेरीत चाळीस संगणक, सगळे एकमेकांना जोडलेले. त्यांवर नवं सॉफ्टवेअर चढवायचं, दुरुस्त्या पाठवायच्या, एवढंच माझं काम. शेजारच्या टेबलावरच्या काकूंनी बजावलं की बाई, काय हवं ते कर, पण माझा छापखाना बंद पाडू नकोस. छापखाना म्हणजे त्यांचा प्रिंटर. बऱ्याच महिन्यांनी हसले.

मंगळवार, ४
इथली पद्धत अशी: अपडेट आधी एका संगणकावर बसवून बघायचं, नीट चाललं की त्याचीच प्रत सगळ्यांवर उतरवायची. चाचणीचा संगणक नेमका बिघडलाय. म्हणून घरून धाकट्या भावाचा लॅपटॉप आणला. तो गेल्यापासून बंदच होता.

बुधवार, ५
प्रत गेली. चाळीसही ठिकाणी हिरवी खूण. मग लक्षात आलं, भावाचं खातं पुसायचं राहिलं. प्रत्येक पडद्यावर त्याचं नाव. साहेब म्हणाले, असू दे, सवडीने काढ. खरं तर मलाच बरं वाटलं.

गुरुवार, ६
काकू मान खाली घालून नाकातून हसल्या. अगदी तो हसायचा तशा. दुपारपर्यंत सगळ्यांना कोरडा खोकला. त्याचं दुखणं असंच सुरू झालं होतं.

शुक्रवार, ७
आज सगळ्यांना धाप. त्याला इथवर यायला नऊ दिवस लागले, यांना एकच. पुढचं मला माहीत आहे. श्वासाचं यंत्र, आणि मग डॉक्टरांनी पुढे केलेला कागद. यंत्र काढायला सही मीच केली होती.
साहेबांच्या संगणकावरून खातं काढून पाहिलं. साहेबांचा श्वास लगेच मोकळा झाला. पण लॅपटॉपमधले त्याचे काही फोटो गेले. कायमचे.
उरलेले एकोणचाळीस लगेच करायला हवे होते. केले नाहीत.

शनिवार, ८
तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले, साथ आहे, कचेरीतून कोणी बाहेर पडू नका. सगळे इथेच. काकूंचे ओठ निळे—
लॅपटॉपवर ‘सगळीकडून काढा’ निवडलंय. एक कळ दाबायची. तो पुरता जाईल.
सगळे खुर्चीमागे उभे आहेत. काकू माझं मनगट धरून म्हणतात, ताई, सही केलीस तेव्हा मी ऐकत होतो. मी जागा होतो.
आता एकोणचाळीस तोंडांतून तेच—
सोन्या, त्यांना पण घरी कोणीतरी— डोळे मीट. बोट कळीवर आहे. घाबरू नकोस, मी इथेच—